लांब रात्रीचे दिवस

बसमत तालुक्यातील हट्टा हे गाव परभणीहून औंढा नागनाथाकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले आहे. १९९९ साली परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून हे गाव नव्या जिल्ह्यात मोडते. भोवताली काळी, कसदार जमीन पसरलेली आहे. पावसाळ्यात जिच्यात पाऊल रुतते, तीच जमीन मार्गशीर्षात कोरडी होऊन तिला भेगा पडू लागतात. तूर फुलून घाटे धरू लागते, हरभऱ्याच्या पानांवर आंब साचते आणि हळदीच्या शेतातील हिरवी पाने कडांनी पिवळी पडू लागतात. दिवस पाहता पाहता संपतो. गुरे गोठ्यात येतात न येतात तोच अंधार पडतो. चुलीचा धूर वर न जाता घरांच्या छपरांलगत रेंगाळतो. आणि आठ वाजले तरी मध्यरात्र झाल्यासारखे वाटते.

हे दिवस म्हाताऱ्या माणसांना जड जातात. सांधे आखडतात, दम्याचा विकार बळावतो, झोप लवकर उघडते आणि उजाडता उजाडत नाही. मुलांना मात्र शेकोटीचे सुख असते. तथापि थोरामोठ्यांच्या मनावर या लांब रात्रींचे एक सावट येते, ही गोष्ट खरी. म्हणूनच हा अंधार किती, तो केव्हा वाढतो आणि केव्हा ओसरू लागतो, हे एकदा नीट पाहून घेतले पाहिजे. त्यात एक मौजेची गोष्ट दडलेली आहे.

वर्षातील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे तुम्हांस ठाऊकच आहे. हट्टा गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस एकोणीस ते वीस अक्षांशांच्या दरम्यान आहे. त्या दिवशी येथे सूर्य सुमारे १० तास ५७ मिनिटे क्षितिजावर असतो, म्हणजे रात्र तेरा तासांहून किंचित मोठी. आता कोणासही वाटेल की, त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत असेल आणि सर्वांत लवकर मावळत असेल. पण तसे होत नाही. येथे सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, सायंकाळी पावणेसहाच्या थोडे आधी. सर्वांत लहान दिवस येईपर्यंत सायंकाळ पाच-सहा मिनिटांनी लांबलेलीही असते! उलट सकाळ मात्र मागे मागेच सरत जाते. २२ डिसेंबरला सूर्य ६ वाजून ५१ मिनिटांच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास त्याला उगवावयास जवळजवळ सात वाजतात.

याचे कारण आपल्या घड्याळात आहे आणि पृथ्वीच्या मार्गातही आहे. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या प्रारंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर असते व त्या वेळी ती अधिक वेगाने चालते. (थंडी सूर्य दूर गेल्यामुळे पडते असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.) या दोहोंच्या योगाने डिसेंबरात एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा काळ चोवीस तासांहून सुमारे अर्धा मिनिट अधिक भरतो. घड्याळ चोवीस तासांचेच चालते. सूर्याची दुपार रोज थोडी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर सूर्योदय व सूर्यास्त हे दोन्हीही पुढे ढकलले जातात.

म्हणजे काय झाले? अंधार शिगेस पोचण्याच्या जवळजवळ महिनाभर आधीच सायंकाळच्या बाजूने उजेड परतू लागलेला असतो. आणि दिवस वाढू लागल्यावरही तीन आठवडे सकाळ काळोखीच राहते. येणारा उजेड एका दारातून येत असता दुसऱ्या दारातून अंधार अजून आत शिरत असतो. वाढही किती मंद! सर्वांत लहान दिवसानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिवस पुरता एक मिनिटही वाढत नाही. संक्रांतीपर्यंत सुमारे सात मिनिटे वाढतो. दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपल्याकडील आयाबाया संक्रांतीस म्हणतात. घड्याळ न पाहणाऱ्या माणसांनी इतके अचूक माप शोधून काढावे, याचे नवल वाटते.

याच काळात धनुर्मास येतो. सूर्य धनू राशीत असतो तो हा महिना, साधारणतः १६ डिसेंबरपासून मकर संक्रांतीपर्यंतचा. या महिन्यात पहाटे उठून, स्नान करून, मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत असा स्वयंपाक सिद्ध करावयाचा आणि सूर्य उगवताच नैवेद्य दाखवून जेवावयाचे, अशी रीत कित्येक घरी आहे. यालाच कोणी झुंझुरमास म्हणतात. वर सांगितलेला हिशेब येथे पुन्हा आठवा. ज्या चार आठवड्यांत सकाळ अधिकाधिक काळोखी होत जाते, अंथरुणातून उठणे नकोसे वाटते, नेमक्या त्याच आठवड्यांत सूर्याच्या आधी उठण्याचा हा नेम आहे. नेम कोणी, केव्हा घालून दिला हे शोधण्यात फारसे हशील नाही. परंतु गरम भाकरीच्या लोभाने मुले पहाटे उठतात, चुलीभोवती सगळे घर गोळा होते आणि पहिला कवडसा अंगणात पडतो तेव्हा तो पाहावयास सर्वजण जागे असतात, एवढे खरे.

त्याच्या आधी कार्तिकात गावोगावच्या देवळांतून काकडा होतो. काकडा म्हणजे पिळलेल्या कापडाची जाड वात. ती तेलातुपात भिजवून पेटवितात आणि पहाटेच्या अंधारात तिने देवाला ओवाळतात. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळ अमावास्या साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरून जातात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. आणि तिन्हीसांजेस पेंढीचा पेटता हेंडगा हाती घेऊन उभ्या पिकाभोवती फिरवितात. ही अमावास्या बहुधा डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी येते. वर्षातील अतिशय लांब रात्रींपैकी ही एक रात्र, त्यात चंद्र नाही, आणि अशा रात्रीच्या उंबरठ्यावर शेतकरी आपल्या ज्वारीस जाळ दाखवून आणतो.

परंतु अंधाराचा खरा वाटा ज्याच्या पदरी येतो, तो रात्री दारे धरणारा शेतकरी. शहरातील वाचकांस हा शब्द कदाचित परका वाटेल. पाटाने आलेले पाणी एका वाफ्यात भरले की, खोऱ्याने मातीचा बांध फोडून ते पुढल्या वाफ्यात सोडावयाचे आणि मागचे दार मातीने बुजवावयाचे, याला दारे धरणे म्हणतात. गहू, हरभरा, ऊस व हळद यांना हिवाळ्यात पाणी द्यावे लागते. विहिरीवरील विजेच्या पंपास लागणारा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळावा, अशी व्यवस्था महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. रात्रीची पाळी आली की, मध्यरात्री उठून शेतात जाणे भाग असते.

मराठवाड्यातील थंडी कोरडी. समुद्र दूर, हवेत ओल कमी, आकाशात ढग नाही. त्यामुळे दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री आकाशात निघून जाते आणि पहाटे पारा झपाट्याने उतरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीस तो तीन अंशांच्या आसपास आला होता. अशा वेळी गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहावयाचे, एका हाती विजेरी व दुसऱ्या हाती खोरे. पाय प्रथम दुखतात आणि मग दुखेनासे होतात. भिजलेल्या हाताने पंपाची पेटी उघडणे धोक्याचे असते. तुटून पडलेली तार अंधारात दिसत नाही. घरी बायको जागी असते. मोटारीचा आवाज दुरून ऐकू येत आहे तोवर तिला धीर असतो. तो मध्येच थांबला की, वीज गेली की आणखी काही झाले, हे तिला कळत नाही. आपल्या ताटातील पोळीचा गहू अशा रात्रींतून आलेला असतो, याची जाणीव जेवणाराने ठेवावी असे मला वाटते.

या रात्री सरणारच नाहीत, असे समजण्याचे मात्र कारण उरलेले नाही. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावागावांजवळ सौर विद्युत प्रकल्प उभारून त्यांची वीज शेतीच्या वाहिन्यांस जोडण्याचे काम सुरू झाले. सूर्यापासून होणारी वीज दिवसाच मिळणार, त्यामुळे पाणीही दिवसाच देता येणार, असा तिचा सरळ हिशेब आहे. सौर पंप बसविलेल्या शेतात तर वीज केव्हा येईल याची वाट पाहण्याचीही गरज नाही. हिवाळ्यातील मध्यान्ही हट्ट्याच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच असतो व आकाश स्वच्छ असते. लहान दिवसातही त्याच्याजवळ देण्याजोगे पुष्कळ असते. तरीही या पट्ट्यातील प्रत्येक शेतास दिवसाची वीज मिळावयास अजून अवधी आहे, आणि तोवर रात्रीची वाट तुडवावी लागणारच.

पाण्याचीही एक कथा आहे. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. तेथून निघालेले पाणी खाली सिद्धेश्वरात येते आणि कालव्यांवाटे बसमतच्या बाजूस जाते. पावसाळ्यातील पाणी अडवून हिवाळ्यात दिल्यामुळे या भागात उसाचे, हळदीचे व केळीचे मळे उभे राहिले. कडाक्याची थंडी पडली की, केळीचे बागाईतदार पहाटे बागेच्या कडेने पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि रात्री बागेस हलके पाणी देतात. ओली माती कोरड्या मातीहून ऊब अधिक काळ धरून ठेवते. पूर्वी केवळ अनुभवाने माहीत असलेली ही गोष्ट आता कृषिविद्यापीठेही सल्ल्यात सांगतात.

पिकांना रात्र सोसावी लागते असे आपण म्हणतो. परंतु काही पिकांना ती हवी असते. ज्वारी, तूर, शेवंती या वनस्पतींना फुलोरा येण्यासाठी लांब रात्रीची खूण लागते. १९२० साली अमेरिकेतील गार्नर व ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ती जात उन्हाळ्यात उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. त्यांनी भर उन्हाळ्यात तिची काही झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवून रात्र कृत्रिम रीतीने लांबविली, आणि झाडांना फुले आली! पुढे १९३८ मध्ये असे आढळून आले की, काटेरी फळांच्या एका तणाला लांब रात्रीच्या मध्यभागी काही क्षण जरी दिव्याचा उजेड दाखविला तरी ते फुलत नाही. म्हणजे ही झाडे दिवस मोजीत नसून सलग अंधार मोजीत होती. आपल्या शाळूच्या कणसात दाणा भरतो आणि डिसेंबर-जानेवारीत आपण हुरडा खातो, त्यात या अंधाराचाही भाग आहे. मुलांनो, पुढच्या वेळी हुरडा चोळताना हे आठवून पाहा.

हट्टा ज्या मुलखात आहे त्या मुलखाने याहून दाट काळोखाचाही एक हिवाळा पाहिला आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण बसमतसह सारा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या सत्तेखालीच राहिला. उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे वऱ्हाडात तिरंगा उघड फडकत होता. अलीकडे तो हाती घेणाऱ्यास तुरुंग होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात वर्षभरासाठी जैसे थे करार झाला. म्हणजे आणखी एक वर्ष असेच, असा त्याचा अर्थ खेड्यांतील माणसांनी घेतला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. रझाकारांचा जुलूम वाढत होता. कित्येक कुटुंबे घरदार सोडून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या सीमेवरील ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे तळ पडले. नोव्हेंबरच्या अखेरीस सुटलेले स्वामी रामानंद तीर्थ जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले. ३० जानेवारीस नांदेडकडील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी निजामी सत्तेस हादरा देऊन बँकेतील लाखो रुपये लढ्यासाठी हस्तगत केले, आणि त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. एकाच दिवशी एवढी उमेद आणि एवढे दुःख या प्रदेशाच्या वाट्यास आले.

आज आपणांस ठाऊक आहे की, १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. त्या पौष-माघात शेतातील खोपीत लपून बसलेल्या तरुणास हे ठाऊक नव्हते. सुटका आठ महिन्यांवर आहे की आठ वर्षांवर, हे सांगणारे पंचांग कोणाजवळही नव्हते. तरी निरोप पोचविणारे निरोप पोचवीत राहिले, भाकरी देणाऱ्या भाकरी देत राहिल्या. बसमतजवळच्या वापटी गावचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. बसमतच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. त्या महाविद्यालयात शिकलेली मुले आज जिल्हाभर पसरलेली आहेत.

आपल्याकडील तेरा तासांची रात्र ज्यांना क्षुल्लक वाटेल अशीही मराठी मुलखाशी नाते असलेली एक जागा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरून ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोचली. पुढे तेथे भारताची संशोधनकेंद्रे उभी राहिली आणि त्यांचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्थाही गोव्यात, वास्को येथे आहे. ‘मैत्री’ हे केंद्र दक्षिण अक्षांश ७० अंशांच्या पलीकडे आहे. तेथे मेच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. मोजकी माणसे बर्फात कोंडून राहतात. जहाज येत नाही, पत्र येत नाही. अशा अंधारात झोपेचे चक्र बिघडते, मन खचते. दीर्घ हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन डॉक्टरांनी १९८४ मध्ये एक विकार म्हणून केले व सकाळच्या वेळी तेजस्वी दिव्यासमोर बसणे हा त्यावर एक उपाय ठरला. अंटार्क्टिकातील सर्व देशांची माणसे २१ जून हा तेथील मध्य-हिवाळ्याचा दिवस सण म्हणून पाळतात. उत्तम जेवण करतात, एकमेकांच्या केंद्रांस शुभेच्छा धाडतात. सूर्य त्या दिवशी दिसत नाही, त्यानंतरही कित्येक आठवडे दिसावयाचा नसतो. पण तो वळला आहे, हे गणिताने त्यांना ठाऊक असते, आणि तेवढ्यावर ती माणसे पंगत मांडतात.

इकडे हट्ट्याच्या शिवारात पौष संपत येतो. हळदीचे शेत या वेळी पाहणाऱ्यास कष्टी करणारे दिसते. मे-जूनमध्ये लावलेले, पावसाळ्यात माणसाच्या कमरेच्या वर वाढलेले ते रान आता वाळून तांबूस झालेले असते. पाने जमिनीवर लोळतात, वारा सुटला की खरखरतात. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, पीक गेले. जाणता शेतकरी पाला कापून टाकतो, काही दिवस जमीन तशीच राहू देतो आणि मग कुदळ घालतो. पानांनी आठ-नऊ महिने साठविलेले सर्व सत्त्व खाली गड्ड्यांत उतरलेले असते. माती झाडली आणि एक बोट मोडले की, आतून गर्द केशरी रंग बाहेर येतो. बसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या काळ्या मातीतील याच रंगामुळे व गुणामुळे.

काढलेली हळद शिजवावी लागते, आणि हे काम पुष्कळदा रात्रभर चालते. पूर्वी मोठ्या लोखंडी कढया असत. आता वाफेवरची यंत्रे आली आहेत. माघातील रात्री परभणी-हिंगोली रस्त्याने जाणाऱ्यास दोन्ही बाजूंच्या शेतांत ठिकठिकाणी जाळ दिसतात. भट्टीत लाकडे सारणारा, टोपलीने हळद ओतणारा, वाफेतून बाहेर आलेली पिवळी रास खोऱ्याने पसरणारा, अशी चार-सहा माणसे प्रत्येक जाळाभोवती असतात, आणि एखादे लहान मूल गोधडी पांघरून जवळच झोपलेले असते. सकाळी सूर्य वर आला की, ती रास उन्हात टाकावयाची. पंधरा दिवस तरी तिला कडक ऊन हवे, आणि ते आता रोज थोडे थोडे अधिक मिळू लागलेले असते.